जुन्या बुलेटची नाडीपरीक्षा

तुमच्या गावात एखाद्या गोठ्याच्या कडेला किंवा वाड्याच्या पडवीत एखादी जुनी मोटारसायकल धूळ खात उभी असलेली तुम्ही पाहिलीच असेल. टायर बसलेले, सीटवर कोंबड्यांची वस्ती, आणि टाकीवर एके काळच्या सोनेरी रेघा. अशी गाडी कोणी विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणायचे म्हटले, तर ती घेण्याजोगी आहे की नाही हे कसे ओळखावे? "चांगला मिस्त्री बघून सांगेल," असे तुम्ही म्हणाल. पण मिस्त्री नेमके काय बघतो? तो जे बघतो त्यातले निम्म्याहून अधिक तुमच्या शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या आणि रसायनाच्या पुस्तकात आहे, बरे का!

माझा एक भाचा शिरूरजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याला लांबच्या प्रवासासाठी जुनी बुलेट हवी होती. कोकणात उतरायचे, किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचे, असा त्याचा बेत. दौंडला एक गाडी विकायला आहे असे त्याच्या कानावर आले आणि तिचा एक फोटो त्याच्या हाती पडला. फोटोतला रंग इतका चकचकीत होता, की तो तेवढ्यावरच पैसे मोजायला निघाला होता. मी त्याला म्हटले, "थांब. रंगाला भुलून मी एकदा फसलो आहे. मी येतो बरोबर."

ती फसगत पुढे सांगतो. आधी दौंडला जाऊ.

शिरूरहून न्हावऱ्याकडे वळले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागतो. पारगावला भीमा ओलांडायची, चौफुल्याला सोलापूर रस्ता धरायचा आणि पाटसवरून दौंडला उतरायचे. या उसाकडे जाता जाता लक्ष असू द्या. आपल्या गोष्टीत त्याचे काम आहे.

गाडीचे मालक रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर होते. दौंड हे मोठे जंक्शन, त्यामुळे तिथे असे अनुभवी लोक पुष्कळ. गाडी १९८६ सालची, ३५० सी.सी.ची. पुढच्या पाटीवर जुन्या पद्धतीची तीन इंग्रजी अक्षरे होती. १९८९ मध्ये 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा अशी पद्धत सुरू झाली. त्यामुळे नंबराची पाटी पाहूनही गाडीच्या वयाचा अंदाज येतो. काका म्हणाले, "२०१७ पासून उभी आहे. मुलांना नको, आणि माझ्यानं आता किक मारवत नाही. रंग मात्र गेल्या महिन्यात दिलाय हं." त्यांनी आपण होऊन हे सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर पहिला विश्वास बसला.

मी खिशातून एक लोहचुंबक काढले. जुन्या स्पीकरमधले साधे चुंबक, त्यावर मऊ फडके गुंडाळलेले. ते टाकीवरून हळूहळू फिरवले. बहुतेक ठिकाणी ते टाकीला घट्ट ओढले जात होते, पण डाव्या बाजूला खाली एके जागी ओढ एकदम कमी झाली. तिथे पोचा भरून काढण्यासाठी पुट्टीचा जाड थर दिलेला होता. लोखंड आणि चुंबक यांच्यातले अंतर दोन-तीन मिलिमीटरने वाढले तरी आकर्षण फार झपाट्याने कमी होते. डोळ्याला जे दिसत नाही ते चुंबक सांगते. भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, "अरे, टाकीचा पोचा काही जीव घेत नाही. फक्त तो आहे हे माहीत असावं."

त्यानंतर नंबर. सांगाड्यावर आणि इंजिनावर ठोकलेले आकडे नोंदणी-पुस्तकातल्या आकड्यांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. चोरीच्या गाड्यांचे आकडे कानशीने घासून त्या जागी नवे ठोकतात. पण आता गंमत पाहा. पोलादावर ठोकणीने आकडा ठोकला, की केवळ वरचा खळगा तयार होत नाही, खळग्याखालच्या धातूचे स्फटिकही दाबले आणि वाकवले जातात. वरचा आकडा घासून गुळगुळीत केला तरी खालचा हा दुखावलेला भाग तसाच राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागेवर विशिष्ट आम्लाचे द्रावण लावतात. दुखावलेले स्फटिक आम्लात इतरांपेक्षा वेगळ्या वेगाने विरघळतात आणि पुसलेला आकडा भुतासारखा पुन्हा वर येतो! आपल्याला आम्ल वगैरे लावायचे नाही. आकड्यांभोवतीचा धातू घासलेला, खोलगट किंवा आसपासच्या भागापेक्षा वेगळा दिसतो का, एवढे तिरप्या उजेडात पाहायचे. आमचे आकडे जुळले.

नोंदणीची मुदत मात्र संपलेली होती. गाडी १५ वर्षांची झाली की पुढे दर ५ वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. तो खर्च आणि खेपा किमतीतून वजा करायच्या. मग गाडीकडे वळलो.

आरे वाजवून पाहा

काकांनी एक छोटा पाना घेतला आणि मागच्या चाकाचे आरे एकेक करून वाजवायला सुरुवात केली. टिंग, टिंग, टिंग, टप्प! टिंग, टिंग... "टप्प" वाजला तो आरा सैल. पूर्वी मोठ्या स्टेशनांवर गाडी थांबली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्यांची चाके ठोकत जाई. चाकाला तडा असेल तर आवाज बद्द येई. काका ती विद्या मोटारसायकलला लावत होते. तत्त्व मात्र थोडे निराळे आहे. आरा ही एक ताणलेली तार आहे. एकतारीची खुंटी पिळली की तारेचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. ताण चौपट केला तर कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणून सारख्या लांबीच्या आऱ्यांचा स्वर सारखा लागला, तर त्यांचा ताणही सारखा. चाकाचा भार सगळ्या आऱ्यांनी मिळून पेलायचा असतो. एक सैल पडला की शेजारच्यांवर जास्त ओझे येते, आणि खड्ड्यात आपटल्यावर तुटतो तो शेजारचाच. तुमच्या सायकलच्या चाकावर हा प्रयोग आजच करून पाहा. काही खर्च नाही.

पुढची तपासणी दोन सुतळ्यांची. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुतळी टेकवायची आणि ताणून पुढच्या चाकापर्यंत न्यायची. ताणलेली सुतळी म्हणजे सरळ रेषा. पुढचे चाक त्या दोन समांतर रेषांच्या अगदी मधोमध बसले पाहिजे. एका बाजूला फट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर आधी मागचे चाक सरळ बसवून पुन्हा पाहायचे. तरीही फरक राहिला तर सांगाडा वाकलेला, म्हणजे गाडी कधी तरी जोरात धडकलेली. असे आढळले असते तर मी भाच्याला तिथूनच परत आणले असते. इंजिन पुन्हा बांधता येते, पण वाकडा सांगाडा घेऊन घाटात जाऊ नये. आमच्या सुतळीने दोन्हीकडे सारखी फट दाखवली.

आता इंजिन. आठ-नऊ वर्षे न फिरलेल्या इंजिनाला एकदम किक मारणे म्हणजे अंथरुणातून उठवलेल्या आजाऱ्याला पळायला लावणे. आम्ही ठिणगीचा प्लग काढून आत चमचाभर तेल सोडले, अर्धा तास थांबलो आणि मग किक हाताने हळूहळू दाबून इंजिन फिरवले. फिरले! टाकीतले जुने पेट्रोल वापरायचे नव्हतेच. मिस्त्री लोक करतात तशी सलाइनप्रमाणे एक बाटली उंच टांगून तिच्यातून नळीने ताजे पेट्रोल दिले, आणि बरोबर नेलेली ६ व्होल्टची बॅटरी जोडली.

जुन्या बुलेटच्या दिव्याच्या वर विद्युत् प्रवाह दाखवणारा एक छोटा काटा असतो. पुष्कळांना वाटते तो शोभेचा आहे. पण या गाडीची किक मारण्याची सारी युक्ती त्या काट्यात आहे. किल्ली फिरवली की बॅटरीतून कॉइलकडे प्रवाह वाहू लागतो आणि काटा वजा बाजूला झुकतो. किक हळूहळू दाबत गेले, की पिस्टन वर चढतो आणि ठरल्या क्षणी 'पॉइंट' नावाचे दोन छोटे धातूचे तुकडे एकमेकांपासून दूर होतात. प्रवाह तुटतो आणि काटा मध्यावर येतो. नेमक्या याच क्षणी ठिणगी पडते. प्रवाह तुटला तर ठिणगी कशी? फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले, की चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत विद्युत्-दाब निर्माण होतो. क्षेत्र जितके झटक्यात कोसळेल तितका दाब मोठा. कॉइलमध्ये जाड तारेचे एक वेटोळे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. ६ व्होल्टचा प्रवाह पटकन तोडला, की त्या बारीक तारेत हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारते.

म्हणजे काटा मध्यावर आला की पिस्टन जवळजवळ माथ्यावर आहे. मग दाब सोडणारी छोटी खिट्टी ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, किक पुन्हा वर आणायची आणि पूर्ण ताकदीने मारायची. हे न करता भलत्या वेळी किक मारली तर ठिणगी आधीच पडते, पिस्टन उलटा ढकलला जातो आणि किक नडगीवर येऊन बसते. बुलेटवाल्यांच्या नडग्या पाहा, म्हणजे कळेल.

किक मारण्याआधी काकांनी आणखी एक गोष्ट करायला लावली. पिस्टन हवा दाबू लागला, की भाच्याने किकवर आपले सारे वजन टाकून उभे राहायचे. चांगल्या इंजिनात कोंडलेली हवा त्याला क्षणभर तोलून धरते. इथे तो भराभर खाली गेला. आत हवा कुठून तरी निसटत होती. एक तर झडपांमधून, नाही तर पिस्टनच्या कड्यांच्या बाजूने.

पाचव्या किकेला गाडी सुरू झाली. निळा धूर निघाला. भाचा म्हणाला, "मामा, ऑइल खातेय!" खरे आहे, निळा धूर म्हणजे जळणारे तेल. पण चमचाभर तेल आपणच ओतले होते ना? दहा मिनिटे वाट पाहिली. धूर कमी झाला, पण थांबला नाही. अॅक्सिलरेटर वाढवला की पुन्हा निळा लोट येई. किकवरचे वजन आणि हा धूर, दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. सिलिंडर झिजला आहे. आम्ही तसे काकांना सांगितले, त्यांनी मान हलवली आणि सिलिंडरच्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी केले. गाडी टेंपोत चढली आणि शिरूरला आली.

बुलेटच का घेतली, असे तुम्ही विचाराल. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या गाड्या गोड, पण सुटे भाग शोधत फिरावे लागते. बुलेटचे तसे नाही. मूळची इंग्लंडातल्या रेडिचची ही गाडी १९५५ पासून मद्रासला बनू लागली. रेडिचचा कारखाना पुढे बंदही पडला, पण इथे बिडाच्या सिलिंडरचे ते जुन्या घडणीचे इंजिन पन्नासहून अधिक वर्षे बनत राहिले. त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत आजही तिचा बहुतेक प्रत्येक नट मिळतो.

टाकीतला गंज

टाकीत बॅटरीचा उजेड टाकून पाहिले तर आत लालसर पापुद्रे. पेट्रोलने लोखंड गंजत नाही, मग गंज आला कुठून? टाकी अर्धी रिकामी असली, की उरलेल्या जागेत हवा असते. दिवसा ती तापून झाकणाच्या भोकातून बाहेर जाते, रात्री थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणजे टाकी रोज एक श्वास घेते! पहाटे त्या हवेतल्या बाष्पाचे दव टाकीच्या आतल्या भिंतीवर धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते थेंब थेंब ओघळून तळाला जाऊन बसते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज ठरलेला. म्हणून जुन्या टाक्या तळाच्या सांध्यापाशी भोके पडून गळतात. उभी ठेवायची गाडी टाकी काठोकाठ भरून ठेवावी असे जुने लोक सांगत, त्याचे कारण हेच. हवाच नाही, तर दव कुठून येणार?

गंज काढायला मिस्त्री टाकीत मूठभर नट-बोल्ट किंवा बारीक खडी टाकून ती तासभर हलवतात. त्याने सुटे पापुद्रे निघतात. चिकटून बसलेला गंज काढायला आम्ही तुमच्या आजीची युक्ती वापरली. आजी तांब्याची घागर चिंचेने घासते ना? चिंचेतले आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि खालचा धातू उघडा पडतो. आम्ही चिंचेऐवजी बाजारात मिळणारे सायट्रिक आम्ल कोमट पाण्यात घालून टाकी भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पाणी हिरवट-तपकिरी आणि टाकी आतून राखाडी. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारले, टाकी धुतली, लगेच उन्हात कोरडी केली आणि आत तेल फिरवले. ही शेवटची घाई महत्त्वाची. उघड्या लोखंडावर तासाभरात पुन्हा लाली चढू लागते.

तुम्ही हा प्रयोग दोन गंजलेल्या खिळ्यांवर करा. एक चिंचेच्या घट्ट कोळात, दुसरा साध्या पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही खिळे पाहा. टाकीवर मात्र मोठ्या माणसांशिवाय काही करू नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असू शकते. आम्हीही आधी ती कित्येक वेळा धुऊन दोन दिवस उघडी ठेवली होती.

आता त्या फसगतीबद्दल. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची धाव ९० मि.मी. सेंटिमीटरमध्ये ७ आणि ९ धरून वृत्तचितीचे घनफळ काढा: ३.१४ गुणिले साडेतीनचा वर्ग गुणिले ९. सुमारे ३४६ घन सें.मी. येते. '३५०' म्हणतात ते हेच. हा सिलिंडर झिजतो तो सगळीकडे सारखा नाही. सर्वांत वर, जिथे पिस्टनचे पहिले कडे क्षणभर थांबून परत फिरते, तिथे उष्णता आणि दाब जास्त आणि तेल पोचते कमी. म्हणून झीज तिथेच अधिक. त्याच्याही वर कडे कधी पोचतच नाही, तिथला धातू कोराच राहतो, आणि मध्ये एक कंगोरा तयार होतो. नखाने चाचपला तर लागतो. शिवाय पिस्टनचा दांडा तिरपा असताना पिस्टनला बाजूला रेटतो, त्यामुळे भोक गोल न राहता किंचित लांबट होते. यावर उपाय म्हणजे लेथवाल्याकडून भोक मोठे आणि पुन्हा गोल करून घ्यायचे, आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. याला 'बोअर करणे' म्हणतात.

वीस वर्षांपूर्वी मी अशीच एक चकचकीत बुलेट घेतली होती. "नवीन बोअर, नवीन पिस्टन, शिवायचीसुद्धा गरज नाही," असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले. दुसऱ्याच रविवारी मी तिला भर उन्हात घाटात चढवले. एका वळणावर इंजिनाचा आवाज घुसमटला आणि मागचे चाक एकाएकी जागच्या जागी थांबले. टायर करकरत घसरू लागला. डावा हात आपोआप क्लचवर गेला, चाक सुटले आणि गाडी कठड्यापासून दोन हातांवर थांबली. मागे पत्नी बसली होती. त्यानंतर दोन वर्षे ती मोटारसायकलवर बसली नाही.

काय झाले होते? पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर बिडाचा. दोन्ही तापले की प्रसरण पावतात, पण सारखे नाही. समजा दोघेही १२० अंश सेल्सिअसने तापले. पिस्टनचा मिश्रधातू दर अंशाला आपल्या मापाच्या सुमारे ०.०००० २० पट वाढतो, म्हणजे ७० मि.मी.चा पिस्टन ०.१७ मि.मी. वाढला. बीड ०.०००० ११ पट वाढते, म्हणजे सिलिंडरचे भोक ०.०९ मि.मी. वाढले. दोघांमधली फट ०.०८ मि.मी.ने कमी झाली. गाडी थंड असताना ही फट साधारण ०.१ मि.मी. म्हणजे एका जाड केसाएवढी ठेवलेली असेल, तर तेलाच्या पापुद्र्याला जागा उरते. माझ्या गाडीत ती ०.०५ च ठेवली होती, असे नंतर मोजल्यावर कळले. थंड इंजिनाचा आवाज त्यामुळे फार गोड येत होता. तापल्यावर मात्र फटच उरली नाही, तेल हटले, धातूला धातू घासला आणि पिस्टन अडकला.

म्हणून या वेळी बोअर झाल्यावर आम्ही पिस्टन आणि सिलिंडर घेऊन दोन तास बसलो. फटमापकाची पाती चार जागी सरकवून पाहिली. लेथवाला चिडला, पण पुन्हा एक हात फिरवून दिला. पिस्टनचा माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून तो कारखान्यातच जरा निमुळता बनवलेला असतो. मोजायचे ते खालच्या घेराशी.

ब्रेकबद्दल थोडक्यात सांगतो, पण हयगय म्हणून नव्हे. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३०० किलो धरा. घाटातून ६०० मीटर खाली उतरलात तर जी स्थितिज ऊर्जा सुटते ती ३०० × ९.८ × ६०० म्हणजे सुमारे साडेसतरा लाख ज्यूल. तेवढ्या उष्णतेने पाच लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल! ही सगळी दोन छोट्या ब्रेक-ड्रमांवर टाकली तर ते तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवून बराच भार इंजिनावर टाकायचा. आम्ही लायनिंग नवे बसवले. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकणीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती फुप्फुसात गेली तर तिथेच राहते. आणखी एक, या वयाच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. भाच्याने आठ दिवस मैदानात फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे त्याचे पाय शिकले.

ऊस आता टाकीत

न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा ऊस आठवतो ना? उसाच्या रसापासून किंवा साखरेच्या मळीपासून इथेनॉल बनवतात, आणि २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. १९८६ ची बुलेट मात्र निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेली. त्याने काय बिघडते?

एका प्रयोगशाळेत मी पाहिलेला प्रयोग सांगतो. काचेच्या मोजपात्रात ८० मि.लि. असे पेट्रोल आणि २० मि.लि. पाणी घेऊन हलवले आणि ठेवून दिले. खालचा पाण्याचा थर २० चा ३५ च्या आसपास झाला! पाण्याने पेट्रोलमधले इथेनॉल आपल्याकडे ओढून घेतले होते. टाकीत नेमके हेच घडते. पहाटेचे दव आधी इथेनॉल शोषून घेते, आणि पाणी फार झाले की पाणी-इथेनॉलचा जड थर वेगळा होऊन तळाला बसतो. तिथूनच कार्बोरेटरची नळी निघते. म्हणजे अशी गाडी महिनोन्‌महिने उभी करताना पेट्रोल काढून टाकी कोरडी करून तेल फिरवणे बरे. काठोकाठ भरून ठेवण्याचा जुना सल्ला जुन्या पेट्रोलचा होता.

इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते, म्हणून त्या सगळ्या बदलल्या. तिसरी गोष्ट हवेच्या हिशेबाची. १ किलो पेट्रोल पुरते जळायला १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच आहे. या मिश्रणाला साधारण साडेतेरा लागते. जुना कार्बोरेटर मात्र जुन्याच प्रमाणात इंधन सोडतो, त्यामुळे हवा जास्त आणि इंधन कमी पडते. असे इंजिन जास्त तापते. शिवाय लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. मिश्रणात ३० हून किंचित कमी, म्हणजे ७ टक्क्यांची घट. लिटरला ३५ किलोमीटर चालणारी गाडी कागदावरच्या हिशेबाने साडेबत्तीस चालेल.

गाडी बांधून झाली. पहिले काही शे किलोमीटर संथ चालवून नवी कडी सिलिंडरमध्ये बसू दिली. मग एका सकाळी आम्ही दोघे शिरूरहून दौंडकडे निघालो. पारगावचा पूल आला, तिथे चढाच्या शेवटी भाच्याने इंजिन एकदम बंद केले, ते निवल्यावर प्लग काढून माझ्या हातात दिला. प्लगचे टोक फिकट, जवळजवळ पांढरे होते. बदामी असायला हवे होते. अंदाज खरा ठरला, इंधन कमी पडत होते. आम्ही मोठ्या भोकाचा जेट बरोबर आणलाच होता. पुलाच्या कडेला बसून तो बदलला आणि पाटसला पुन्हा प्लग पाहिला. आता रंग फिकट बदामी होता.

दौंडला काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग काही न बोलता घरातून पाना आणला, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि आरे वाजवू लागले. एक अजून सैल होता.